चाळीस जर्नल्स, दोन रीडिंग्ज

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं, हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. एक जर्नल 'सोर्स' असतं. त्यावरून चार जणी उतरवतात, त्या चौघींवरून आणखी दहा. मध्येच झोपेच्या भरात कुणीतरी ३.२ चं ३.७ करते आणि मग तिच्यावरून उतरवणाऱ्या सगळ्यांकडे ३.७ च राहतं. सकाळी चाळीस जर्नल्स सरांच्या टेबलावर.

आता समजा, बाहेरचा एखादा भाबडा माणूस ही चाळीस जर्नल्स घेऊन बसला. त्याला दिसतं की वीस जर्नल्स निळ्या शाईत आहेत आणि त्यात झेनर डायोडचं ब्रेकडाऊन व्होल्टेज ५.१ च्या आसपास आहे. उरलेली वीस काळ्या शाईत आणि त्यात ५.६ च्या आसपास. तो कोरिलेशन काढतो. चाळीस रीडिंग्ज, जबरदस्त पी-व्हॅल्यू! निष्कर्ष: काळ्या शाईने व्होल्टेज वाढतं.

आपण हसू, कारण आपल्याला आतली गोष्ट माहीत आहे. सोर्स दोनच होते. एकीकडे निळं पेन होतं, दुसरीकडे काळं. एकीचा डायोड वेगळा, दुसरीचा वेगळा. उरलेल्या अडतीस जणींनी शाईसकट सगळं उतरवलं. एन चाळीस नाही, एन दोन आहे.

पण फार हसू नका. जिवंत प्राण्यांच्या बाबतीत हीच चूक शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं केली, आणि मागच्या उन्हाळ्यात मीही केली.

झालं असं की सेकंड इयरच्या सुट्टीत मला एका जीवशास्त्राच्या लॅबमध्ये दोन महिन्यांचा प्रोजेक्ट मिळाला. मी ई अँड टीसीची. बायॉलॉजीशी माझा संबंध दहावीला संपला होता. पण त्यांना 'आर' या भाषेत कोड लिहिणारं कुणीतरी हवं होतं आणि मला सर्टिफिकेट हवं होतं. सरावासाठी मला एक प्रसिद्ध डेटा दिला गेला. थिओडोर गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरलेला, ४९ सस्तन प्राण्यांचा. प्रत्येकाचं वजन आणि वावरक्षेत्र, म्हणजे तो प्राणी रोजच्या जगण्यासाठी जेवढ्या भागात हिंडतो तो भाग. यादीत वाघ, सिंह, बिबट्या, लांडगा, ध्रुवीय अस्वल असे १९ जण 'कार्निव्होरा' गटातले, आणि गेंडा, घोडा, उंट, जिराफ, आपला काळवीट असे ३० जण खुरवाले.

दोन्ही गोष्टींचे लॉग घेऊन ग्राफ काढला. जितकं वजन जास्त तितकं वावरक्षेत्र मोठं, हे अपेक्षितच होतं. पण वजनाचा परिणाम बाजूला काढल्यावरही १९ जणांचे ठिपके ३० जणांच्या वरच तरंगत होते. मला तर गुदगुल्याच झाल्या. कारणही लगेच सुचलं: गवत सगळीकडे मिळतं, शिकार शोधावी लागते, म्हणून मांसाहारी प्राण्याला जास्त भटकावं लागतं. पी-व्हॅल्यूमध्ये दशांश चिन्हानंतर शून्यंच शून्यं. 'मांसाहारामुळे वावरक्षेत्र वाढतं' अशा अर्थाचा मथळा देऊन मी पोस्टर बनवलं, साडेसातशे रुपये देऊन छापूनही आणलं आणि घरी फोन करून बाबांना सांगितलं की तुमच्या मुलीने शोध लावला.

लॅबमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "अगं, पण हे झालं किती वेळा?"

मी म्हटलं, "ताई, एकोणपन्नास प्राणी आहेत ना."

"प्राणी किती ते नाही विचारलं. मांसाहार सुरू किती वेळा झाला?"

मला प्रश्नच कळला नाही. कळायला उरलेली सुट्टी गेली.

हा प्रश्न तसा जुना आहे, आणि मुळात तो प्राण्यांबद्दल विचारलाच गेला नव्हता. लंडनमध्ये एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने जगातल्या सुमारे साडेतीनशे समाजांच्या विवाहपद्धती आणि वारसापद्धती यांचे तक्ते करून 'अमुक चाल असली की तमुक चालही असते' असं दाखवणारा निबंध वाचला. तो १८८९ साली छापून आला. त्यावर फ्रान्सिस गाल्टनने शंका काढली की हे समाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? की बऱ्याच जणांनी एकाच ठिकाणाहून चाल उचलली आहे? तसं असेल तर एकच गोष्ट आपण पुन्हा पुन्हा मोजतोय. मानववंशशास्त्रात याला आजही 'गाल्टनचा प्रॉब्लेम' म्हणतात. मी याला सबमिशनचा प्रॉब्लेम म्हणते.

प्राण्यांत कॉपी कोण करतं? सगळेच. वाघ आणि सिंह दोघांना आत ओढून घेता येणारी नखं आहेत, ती दोघांनी वेगवेगळी कमावलेली नाहीत. दोघांच्या समाईक पूर्वजाकडे ती होती, दोघांनी उतरवली. प्रजाती म्हणजे स्वतंत्र रीडिंग नव्हे. वंशवृक्ष म्हणजे कुणी कुणाचं जर्नल पाहिलं याचा नकाशा.

१९८५ साली जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी 'द अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात हे अगदी नेमकेपणाने मांडलं. त्यांचं उदाहरण वाचून मी उडालेच, कारण त्यातही चाळीसच प्रजाती आहेत! वीस-वीसचे दोन गट, प्रत्येक गटातले सगळे एकमेकांचे जवळचे नातलग. गटाच्या आत दोन गुणधर्मांचा काही संबंध नाही. पण सगळे चाळीस ठिपके एकत्र काढले की दोन पुंजके दिसतात आणि त्यांच्यामधून मस्त सरळ रेषा जाते.

त्यांनी उपायही दिला, 'इंडिपेंडंट कॉन्ट्रास्ट्स'. कल्पना इतकी सोपी आहे की आपल्या एम-थ्रीच्या पेपरला यायला हरकत नाही. वाघ आणि सिंह यांची किंमत घ्यायची नाही, त्यांच्यातला फरक घ्यायचा. कारण फरक पडला तो दोघे वेगळे झाल्यानंतर. तेवढंच त्यांचं स्वतःचं काम, त्याआधीचं सगळं कॉपी. जास्त वेळ मिळाला तर जास्त फरक पडणारच, म्हणून त्या फरकाला दोन्ही फांद्यांच्या लांबीच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. मग दोघांचा भारित सरासरी पूर्वज काढून एक पायरी खाली यायचं आणि पुन्हा तेच. ४९ प्रजातींमधून असे ४८ फरक मिळतात, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असतात. पुढे १९८९ मध्ये अ‍ॅलन ग्राफेन यांनी हीच गोष्ट रिग्रेशनच्या भाषेत आणली. आज सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक जण ती वापरतात.

ताईंनी प्रश्न विचारल्यावर मी रात्रभर बसून हेच केलं. 'करेक्शन' लावलं की झालं, असं वाटलं. बहुतेकांना असंच वाटतं आणि खरी गंमत इथेच आहे.

माझ्या डेटात मांसाहाराला १ आणि शाकाहाराला ० असा आकडा दिला होता. आता फरक काढा. वाघ उणे सिंह, एक उणे एक, शून्य. काळवीट उणे जिराफ, शून्य. लांडगा उणे अस्वल, शून्य. असे ४८ पैकी ४७ फरक शून्य येतात. फक्त एक फरक शून्य नाही. वंशवृक्षाच्या अगदी मुळाशी, जिथे कार्निव्होरा आणि खुरवाले वेगळे होतात तिथला. म्हणजे माझी सगळी रेषा एका ठिपक्यावर उभी होती! सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. त्याने ४८ आकडे घेतले, उतार दिला, पी-व्हॅल्यू दिली, वर आकड्यासमोर तारेही छापले. पण त्या ४७ शून्यांतून एवढंच कळतं की वावरक्षेत्र एरवी किती इकडेतिकडे होतं. मांसाहाराबद्दल बोलणारा साक्षीदार एकच.

बरं, त्या एका फांदीवर काय फक्त आहारच बदलला? एका गटाला नखं आहेत, दुसऱ्याला खूर. एका गटाला सुळे आणि कातरीसारख्या दाढा आहेत, दुसऱ्याला चघळायच्या चपट्या दाढा. मी आहाराच्या कॉलमचं नाव बदलून 'नखं' केलं. आकडे तेच, पी-व्हॅल्यू तीच. 'खूर नसल्यामुळे वावरक्षेत्र वाढतं' असंही पोस्टर छापता आलं असतं, त्याच साडेसातशे रुपयांत. फार फार तर मला एवढं म्हणता येईल की त्या फांदीवर काहीतरी घडलं. काय घडलं आणि कशामुळे, हे हा डेटा सांगू शकत नाही, कितीही भारी मॉडेल लावलं तरी.

ही चूक फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांची नाही. वेन मॅडिसन आणि रिच फिट्झजॉन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की 'आहे किंवा नाही' अशा गुणधर्मांसाठी मार्क पेगेल यांची १९९४ ची लोकप्रिय टेस्टही इथेच फसते. सस्तन प्राणी घ्या. सगळे पिल्लांना दूध पाजतात आणि सगळ्यांच्या मधल्या कानात तीन हाडं असतात. आज सहा हजारांच्या वर प्रजाती, दोन्ही गोष्टींची जोडी कुठेही तुटत नाही. टेस्ट म्हणते, घट्ट संबंध. पण दूध पाजण्यासाठी कानात हाड कशाला लागेल? दोन्ही गोष्टी त्याच एका पूर्वजाकडून आल्या आणि बाकीच्यांनी उतरवल्या, एवढंच. २०१८ मध्ये जोसेफ उयेडा आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा आकड्यांत मोजायच्या गुणधर्मांनाही लागू केला: मुळाजवळची एखादी मोठी उडी कॉन्ट्रास्ट्समध्येही एकटी रेषा खेचून नेते. थोडक्यात, फेल्सनस्टाइन यांची पद्धत कॉपी पकडते, पण एका सोर्सचे दोन सोर्स करून देत नाही.

माझी आणखी एक चूक आहे, आणि तिची मला जास्त लाज वाटते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'कार्निव्होर' म्हणजे मांसाहारी, हे चौथीतल्या स्पेलिंगच्या यादीपासून डोक्यात बसलेलं. 'कार्निव्होरा' हे गटाचं नाव दिसल्यावर मी डोळे मिटून सगळ्यांना १ दिलं. पण ते घराण्याचं नाव आहे, जेवणाचं नाही. आडनाव पाटील असलं म्हणून कुणी गावाचा कारभार बघतोच असं नाही, तसं. यादीतलं तपकिरी अस्वल बऱ्याच ठिकाणी कंदमुळं, फळं आणि गवतावर पोट भरतं. युरोपातला बॅजर गांडुळं खातो. रॅकूनला काहीही चालतं. लॅबमध्ये कुणीही बायॉलॉजीवाल्याने हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण कोड चालत होता.

आता बाकीचे खड्डे जरा भराभर सांगते.

सॉफ्टवेअरमध्ये 'लॅम्डा' नावाचा एक आकडा असतो. तोही पेगेल यांचाच. शून्य आला तर नातलग असण्याने काही फरक पडत नाही, एक आला तर पुरेपूर पडतो. लोक काय करतात, तर आधी प्रत्येक गुणधर्माचा लॅम्डा काढतात आणि तो कमी आला की 'चला, वंशवृक्षाची गरज नाही' म्हणून साधं रिग्रेशन लावतात. लियाम रेव्हेल यांनी २०१० मध्ये स्पष्ट केलं की बघायचं ते गुणधर्मांत नाही, रेसिड्युअल्समध्ये, म्हणजे रेषा काढून झाल्यावर जे उरतं त्यात. वजन घराण्यात चालत आलेलं असेल, वावरक्षेत्र वजनाच्या मागे मागे जात असेल, तर दोघांचाही लॅम्डा मोठा येईल. पण उरलेली चूक निव्वळ नॉइज असू शकते. आणि याच्या उलटही होऊ शकतं.

पुढचा खड्डा आपल्या ब्रँचचा आहे, म्हणून थोडं थांबते. कॉन्ट्रास्ट्सच्या मागे गृहीतक असतं ब्राउनियन मोशनचं. गुणधर्म दर क्षणी थोडा वर किंवा थोडा खाली सरकतो, कसलीही ओढ नाही. म्हणजे व्हाइट नॉइज घेऊन इंटिग्रेटरला दिला, अजिबात न गळणारा कपॅसिटर. आता त्याला समांतर एक रेझिस्टन्स जोडा. कपॅसिटर गळू लागतो, व्होल्टेज एका ठरावीक किमतीकडे परत परत ओढलं जातं. याला ऑर्नस्टाइन-उलेनबेक प्रोसेस म्हणतात. भौतिकशास्त्रात ती १९३० ची, उत्क्रांतीत थॉमस हॅन्सन यांनी १९९७ मध्ये वापरली. जीवशास्त्रज्ञ त्या ओढीचा अर्थ लावतात की निसर्ग या गुणधर्माला एका आदर्श किमतीकडे खेचतोय. वाचायला छान वाटतं. पण नॅटली कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की प्रजाती थोड्या असतील, किंवा मोजमापात थोडीशी चूक असेल, तर ओढ नसतानाही हेच मॉडेल जिंकतं. का? मोजमापाच्या चुकीमुळे अगदी जवळचे नातलगही उगाच जास्त वेगळे दिसतात, जणू त्यांची जुनी आठवण पुसली गेली. गळक्या कपॅसिटरची खूण नेमकी हीच. म्हणजे मल्टिमीटर खराब आणि शाबासकी निसर्गाला! प्रॅक्टिकलला आपण एररचा कॉलम 'नेग्लिजिबल' लिहून भरतो, ते मला तेव्हा आठवलं.

पूर्वज कसा होता हे काढण्यातही असंच फसायला होतं. ब्राउनियन मोशन धरलं तर पूर्वजाचा अंदाज म्हणजे आजच्या वंशजांची भारित सरासरी. सरासरी कधीच सगळ्यात लहान आकड्याच्या खाली जात नाही. माझ्याच यादीतल्या विषमखुरी प्राण्यांचं बघा: घोडे, झेब्रे, गेंडे, टापीर. आज या गटातले सगळ्यात लहान टापीरसुद्धा दीडशे किलोच्या आसपास भरतात. म्हणून कॉम्प्युटर म्हणतो, पूर्वजही तसाच धिप्पाड असणार. पण जीवाश्म सांगतात की साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे घोड्याचे जुने नातलग मांजराकुत्र्याएवढे होते. गुजरातमध्ये वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडलेला कँबेथेरियम हा विषमखुरी प्राण्यांचा जवळचा भाऊबंद, तोही मोठ्या कुत्र्याच्या मापाचाच. जिवंत आहेत त्यांनाच विचारलं की असं होतं.

आणि 'अमुक गुणधर्मामुळे प्रजाती भराभर वाढल्या' अशा दाव्यांसाठी २००७ पासून 'बिस्सी' नावाची पद्धत आहे. डॅन रॅबोस्की आणि एमा गोल्डबर्ग यांनी २०१५ मध्ये तिला मुद्दाम फालतू गुणधर्म दिला: प्रजातीच्या शास्त्रीय नावात अक्षरं किती. पद्धतीने त्याचाही प्रजातींच्या वाढीशी संबंध लावून दिला. बिचाऱ्या प्राण्याला आपलं लॅटिन नाव माहीतसुद्धा नसतं! कारण तेच. झाडाच्या एखाद्या भागात दुसऱ्याच कशामुळे फांद्या जास्त फुटल्या, की त्या भागात जे काही असेल त्याला श्रेय मिळतं. पुढच्या वर्षी यावर सुधारलेली पद्धतही आली. पण जुन्या पद्धतीने निघालेले पेपर कुणी परत बोलावलेले नाहीत.

पोस्टरचं काय झालं ते सांगते. दुसरं छापायला पैसे नव्हते. मथळ्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं, 'मांसाहारामुळे वावरक्षेत्र वाढतं का?' आणि खाली कोपऱ्यात ४७ शून्यांचा आणि एका एकट्या ठिपक्याचा ग्राफ चिकटवला. सादरीकरणाच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी त्या कोपऱ्यापाशी होती. अर्थात पट्टी वाकडी लागलेली, म्हणूनही असेल. बाबांना फोन करून शोध रद्द झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "सर्टिफिकेट मिळणार ना?"

ताईंचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मांसाहाराचा परिणाम खरंच तपासायचा तर एका फांदीवरून दुसरीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. आहार जिथे जिथे नव्याने बदलला, त्या जागा शोधायला हव्यात. कार्निव्होरा घराण्यातच त्या आहेत. जायंट पांडा मूळचा अस्वलांतला, तो बांबू खाऊ लागला. रेड पांडा त्याचा जवळचा नातलग नाही, नुसतं नाव सारखं, तोही वेगळ्या वाटेने बांबूवरच आला. आपल्या ईशान्येकडच्या जंगलातला बिंटुराँग बराचसा फळांवर जगतो. प्रत्येक ठिकाणी बघायचं की शिकार सोडल्यावर वावरक्षेत्र त्याच्या मांसाहारी नातलगांपेक्षा लहान झालं का. उलट बाजूने ऑस्ट्रेलियाकडच्या पिशवीवाल्या प्राण्यांत टास्मानियन डेव्हिल आहे, ज्याचा मांसाहार वाघ-सिंहांशी संबंध नसताना आला. टास्मानियन वाघ, म्हणजे थायलसिनही उपयोगी पडला असता, पण शेवटचा ज्ञात थायलसिन १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला आणि त्याचं वावरक्षेत्र आता कोण मोजणार?

मी वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली आहे. आत्तापर्यंत चार जागा सापडल्यात. म्हणजे एन चार.